पाहुण्यांचा पैसा आणि घरचीं माणसें

परदेशचा प्रवासी पूर्वीं आपल्यासारख्या देशांत येई तो मुख्यतः लेणीं, किल्ले व देवळें पाहण्यासाठीं. अलीकडच्या चाळीस-पन्नास वर्षांत त्याच्या येण्यास आणखी दोन कारणें मिळालीं आहेत. एक अरण्य, आणि दुसरें इस्पितळ. पहिल्यास निसर्ग-पर्यटन व दुसऱ्यास वैद्यकीय पर्यटन अशीं नांवें पडलीं असून वर्तमानपत्रांतून हीं दोन्ही नांवें मोठ्या अभिमानानें छापलीं जातात. गरीब देशांस परकीय चलन हवें आणि श्रीमंत देशांतील माणसांस स्वस्त शस्त्रक्रिया व ताजी हवा हवी. तेव्हां हा सौदा उभयपक्षीं लाभाचा आहे, असें सांगण्यांत येतें. हें म्हणणें सर्वस्वीं खोटें आहे असें आमचें मत नाहीं. परंतु या सौद्यांत एक तिसरा पक्ष असतो आणि त्यास कोणी विचारीत नाहीं, हें आम्हांस या लेखांत दाखवावयाचें आहे. व त्या तिसऱ्या पक्षाचा वांटा कसा काढावा याविषयीं एक सूचनाही करावयाची आहे. सूचना आमच्या बुद्धीची नव्हे. आफ्रिकेंतील एका लहानशा देशानें गोरिलांच्या बाबतींत ती अगोदरच अंमलांत आणिली आहे.

रवांडा हा देश विस्तारानें महाराष्ट्राच्या सुमारें बाराव्या हिश्श्याएवढा. त्याच्या वायव्य कोपऱ्यांत, कांगो व युगांडा यांच्या सरहद्दी जेथें मिळतात तेथें, विरुंगा नांवाची ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे, आणि तिच्या उतारांवरील धुकट अरण्यांत डोंगरी गोरिला राहतो. खालीं माणसांची दाटी इतकी कीं, बटाट्याच्या शेताची शेवटची ओळ आणि अरण्याचें पहिलें झाड यांच्यामध्यें एका दगडी गडग्यापुरतेंच अंतर असतें. हा गडगाही रानरेड्यांनीं पिकांत शिरूं नये म्हणून घातलेला. १९६९ च्या सुमारास तर या राखीव अरण्याचा मोठा लचका तोडून तेथें पायरेथ्रमची लागवड करण्यांत आली. या फुलांपासून कीटकनाशक करितात व त्यास परदेशीं गिऱ्हाईक असतें. म्हणजे त्या वेळच्या हिशेबानें अरण्यापेक्षां फुलांचें शेत किफायतशीर होतें. डायन फॉसी या अमेरिकन बाईंनीं १९६७ सालीं तेथें मुक्काम ठोकून गोरिलांचा अभ्यास आरंभिला. १९८५ च्या डिसेंबरांत त्यांचा त्यांच्याच झोंपडींत खून झाला. १९८१ च्या सुमारास विरुंगांत अवघे अडीचशें गोरिला उरले होते.

१९७९ सालापासून कांहीं निसर्गाभ्यासकांनीं निराळा हिशेब मांडिला. गोरिलांच्या कांहीं कुटुंबांस माणसांच्या सहवासाची संवय लावावयाची, आणि त्यांचें दर्शन घेणाऱ्या प्रवाशांकडून दाम घ्यावयाचा. जिवंत गोरिला सरकारास शेतापेक्षां अधिक उत्पन्न देऊं लागला तर अरण्यास हात लावण्याची इच्छा कोणास होणार नाहीं, असा त्यांचा तर्क होता. पुढें युद्ध आलें, १९९४ सालचा भयानक नरसंहार झाला, आणि तरीही हा तर्क टिकला, ही मोठ्या आश्चर्याची गोष्ट होय. आज परदेशी प्रवाशास एका तासाच्या दर्शनासाठीं १५०० डॉलर मोजावे लागतात. २०१७ पूर्वीं हा दर ७५० होता. एका कुटुंबापाशीं दिवसांतून एकदांच, आणि तीही आठच माणसें सोडितात. ज्यास सर्दी-खोकला असेल त्यास डोंगराच्या पायथ्यापासूनच परत पाठवितात, कारण माणसाचें पडसें गोरिलास लागतें व त्यांत तो दगावूं शकतो. पंधराशें डॉलर भरून आलेल्या धनिकास केवळ शिंकेपायीं माघारीं फिरावें लागतें, हें ऐकून आम्हांस थोडें बरें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. २०१५-१६ च्या गणतींत विरुंगांतील गोरिलांची संख्या ६०४ भरली. युगांडांतील ब्विंडीचे गोरिला मिळविले तर ती आज हजारावर जाते. २०१८ सालीं या प्राण्यास 'अतिसंकटग्रस्त' या वर्गांतून काढून 'संकटग्रस्त' या वर्गांत घालण्यांत आलें. नाश पावणाऱ्या प्राण्यांच्या यादींत वरच्या पायरीवर चढणारे फार थोडे असतात.

परंतु आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें तें याच्या पुढचें कलम. रवांडाच्या सरकारनें २००५ सालीं असा नियम केला कीं, उद्यानांच्या उत्पन्नांतील शेंकडा ५ रक्कम उद्यानाभोंवतींच्या गांवांकडे जावी. आणि २०१७ सालीं दर दुप्पट केला त्याच वेळीं हा हिस्सा शेंकडा १० करण्यांत आला. या पैशांतून शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या झाल्या आहेत. ज्याच्या बटाट्यांत रानरेडा शिरतो तो शेतकरी अरण्याच्या रक्षणाची किंमत रोज मोजीत असतो. तेव्हां अरण्याच्या उत्पन्नावर त्याचा हक्क आहे, दया नव्हे, हें तत्त्व यांत मान्य झालें. नियमाचें सारें तेज या 'हक्क' शब्दांत आहे.

आतां दुसरी बाजू. त्या अरण्यांत पूर्वीं बात्वा नांवाचे ठेंगणे अरण्यवासी लोक राहत असत. मध, कंद व शिकार यांवर त्यांचा निर्वाह चाले. युगांडांत १९९१ सालीं ब्विंडी व मगाहिंगा हीं राष्ट्रीय उद्यानें जाहीर झालीं, तेव्हां या लोकांस बाहेर काढण्यांत आलें. जमिनीचा कागद त्यांच्यापाशीं कधींच नसल्यामुळें बहुतेकांस मोबदलाही मिळाला नाहीं. आज त्यांतील कांहीं जण प्रवाशांपुढें नाचून व आपल्या पूर्वजांची शिकारीची तऱ्हा करून दाखवून पोट भरतात. उत्पन्नाचा हिस्सा गांवांस मिळतो खरा. पण ज्यास गांवच राहिलें नाहीं त्यास गांवाच्या वांट्यांतून काय मिळणार? गोरिला वांचला याचा आनंद मानतांना ही गोष्ट दृष्टीआड करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आपल्या कोंकणांत याहून पुष्कळच लहान, पण मनास अधिक समाधान देणारें उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांत वेळास नांवाचें गांव आहे. नाना फडणविसांचें मूळ गांव तें हेंच. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्रकासवें अंडीं घालावयास येतात. पूर्वीं हीं अंडीं उकरून नेलीं जात. २००२ सालीं चिपळूणच्या 'सह्याद्रि निसर्ग मित्र' या संस्थेनें गांवकऱ्यांच्या मदतीनें घरटीं राखण्यास सुरुवात केली, आणि २००६ पासून पिलें समुद्रांत सोडण्याचा सोहळा पाहण्यास लोक येऊं लागले. गांवांत मोठें हॉटेल नाहीं. पाहुणे गांवकऱ्यांच्याच घरीं उतरतात, त्यांच्याच ओटीवर जेवतात, आणि जेवणाचे पैसे रांधणाऱ्या बाईच्या हातांत पडतात. येथें हिस्सा ठरविण्यास कायदा लागत नाहीं, कारण यजमान हाच मालक आहे. प्रस्तुत लेखक तेथें गेला त्या सकाळीं टोपली उचलली तेव्हां खालीं वाळूच होती, एकही पिलूं वर आलें नव्हतें. पुण्याहून आलेले एक गृहस्थ फार रागावले. गांवांतील एक पोरगा त्यांस शांतपणें म्हणाला, "काका, संध्याकाळी परत बघू." कासव कोणाचें वेळापत्रक पाळीत नाहीं, हें त्या पोरास ठाऊक होतें. संध्याकाळीं तीन पिलें निघालीं.

अरण्याकडून इस्पितळाकडे वळूं. औषधोपचारासाठीं प्रवास ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. आमच्या आजीच्या तोंडीं 'मिरजेस नेलें' असा शब्दप्रयोग असे. त्याचा अर्थ दुखणें गंभीर आहे, परंतु आशा सुटलेली नाहीं, असा होई. डॉ. विल्यम वान्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस इस्पितळ उघडलें, आणि रेल्वेच्या त्या जंक्शनावर दूरदूरच्या प्रांतांतून रोगी उतरूं लागले. दक्षिणेंत वेल्लोर येथें डॉ. आयडा स्कडर यांनीं १९०० सालीं एका खाटेवर आरंभ केला. आज तेथें बंगाल, आसाम व बांगलादेश येथून इतके रोगी येतात कीं, तामिळ मुलखांतल्या त्या गांवीं दुकानांच्या पाट्या बंगालींत आढळतात. अशा इस्पितळांचा हिशेब साधा असे. ज्यास ऐपत आहे त्याच्या बिलांतून ज्यास ऐपत नाहीं त्याचें औषध निघे.

हल्लींच्या वैद्यकीय पर्यटनाचा उगम निराळा आहे. १९९७ सालीं थायलंडचें चलन कोसळलें. श्रीमंत थाई रोगी खाजगी इस्पितळांत येईनासे झाले, तेव्हां बँकॉकच्या बमरुंग्राडसारख्या इस्पितळांनीं परदेशी रोग्यांकडे मोर्चा वळविला, कारण घसरलेल्या चलनामुळें त्यांना तीच शस्त्रक्रिया फारच स्वस्त पडूं लागली होती. मात्र थायलंडनें २००२ सालीं आणखी एक गोष्ट केली: कोणत्याही नागरिकास ३० बाट देऊन सरकारी योजनेंत उपचार मिळावे अशी व्यवस्था लावली. परदेशी रोग्यांची खाजगी इस्पितळें सरकारी इस्पितळांतील डॉक्टर ओढून घेतात अशी तक्रार तेथेंही आहे. पण घरच्या माणसाच्या पानांत कांहीं तरी वाढून मग पाहुण्यांचीं पानें मांडिलीं, एवढें तरी म्हणतां येतें.

आपल्या देशांत १९८३ सालीं मद्रासेस अपोलो इस्पितळ निघालें तेव्हांपासून मोठीं व्यापारी इस्पितळें वाढलीं. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत परदेशी रोग्यांवरील उपचार ही एक प्रकारची निर्यात समजावी व निर्यातीच्या सवलती तिला द्याव्या, असें नमूद करण्यांत आलें. पुढें रोग्यांसाठीं स्वतंत्र व्हिसा निघाला. या 'निर्याती'विषयीं एक प्रश्न विचारावासा वाटतो. कापसाची गांठ निर्यात होते तेव्हां ती कोणाच्या शेतांत पिकली हें आपणांस ठाऊक असतें. हृदयाची शस्त्रक्रिया येथें अमेरिकेपेक्षां कितीतरी पटींनीं स्वस्त पडते, तो स्वस्तपणा कोणाच्या शेतांत पिकला? पगार कमी हें एक कारण झालें. दुसरें असें कीं, यांतील अनेक निष्णात डॉक्टर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत अल्प फीवर शिकले, सरकारी इस्पितळांतील गोरगरीब रोग्यांच्या शरीरावर त्यांचा हात बसला, आणि तीं महाविद्यालयें चाललीं तीं काडेपेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या लोकांच्या पैशानें. विरुंगाच्या पायथ्याचा बटाट्याचा शेतकरी तो हाच. त्यानें किंमत भरली आहे. त्यास मिळतें काय? २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें देशांतील एकूण आरोग्यखर्चापैकीं शेंकडा ३९ हून अधिक भाग कुटुंबांनीं स्वतःच्या खिशांतून भरला. २०१३-१४ सालीं हा आंकडा ६४ च्या घरांत होता, म्हणजे सुधारणा झाली हें नाकारतां येत नाहीं. पण खिशांतून म्हणजे पुष्कळदां गहाण टाकलेल्या दागिन्यांतून, हें खेड्यांतील वाचकास सांगावयास नको.

या धंद्याच्या एका शाखेविषयीं लिहितांना संकोच वाटतो. १९९४ सालीं मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा होईपर्यंत परदेशी धनिक येथें येऊन गरिबांचीं मूत्रपिंडें विकत घेऊन जात. मद्रासच्या विल्लिवाक्कम या उपनगरास त्या काळीं त्यावरूनच एक टोपणनांव पडलें होतें. कायद्यानें ती विक्री गुन्हा ठरली, तरी मधूनमधून अशीं प्रकरणें उघडकीस येतच असतात. परदेशी जोडप्यांसाठीं पैसे घेऊन गर्भ वाढविण्याचा व्यवहारही २०१५ पर्यंत राजरोस चालू होता. पाहुण्यास घरांतील काय द्यावें यास मर्यादा हवी ती येथें.

चार वर्षांपूर्वीं आमच्या एका मावशीबाईंस हृदयाच्या विकारासाठीं एका मोठ्या शहरांतील धर्मादाय इस्पितळांत नेण्याचा प्रसंग आला. महाराष्ट्रांत अशा इस्पितळांनीं शेंकडा १० खाटा निर्धन रोग्यांस फुकट व शेंकडा १० दुर्बल घटकांस सवलतीनें द्याव्या असा नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं त्याची योजना मंजूर केली आहे. आम्हीं दाखले घेऊन गेलों. खिडकीवरील कारकुनानें खाटा भरल्या आहेत असें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं तेंच, तिसऱ्या दिवशीं तेंच. समोरच 'आंतरराष्ट्रीय रुग्ण' अशी पाटी असलेला कक्ष होता. तेथें गुबगुबीत कोच होते, चहा होता, आणि एक दुभाष्या होता. मनांत कडवटपणा आला हें खरें. तेवढ्यांत त्या कोचावर बसलेल्या एका इराकी गृहस्थांकडे लक्ष गेलें. मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा, ओंठ निळसर पडलेले. दुभाष्यानें सांगितलें कीं, त्या गृहस्थांनीं घर विकून हा प्रवास केला आहे. मावशीबाईंनीं पिशवींतला लाडू काढून त्या पोरास दिला. वैद्यकीय पर्यटक म्हटला कीं गोऱ्या श्रीमंताचें चित्र डोळ्यांपुढें येतें. आपल्याकडे येणारे बहुतेक तसे नसतात. बांगलादेश, इराक, येमेन, आफ्रिकेंतील देश, जेथें इस्पितळें अपुरीं किंवा युद्धानें पडलेलीं, तेथून ते येतात. त्यांना दार बंद करा असें आम्ही स्वप्नांतही म्हणणार नाहीं. मावशीबाईंची शस्त्रक्रिया अखेर एकोणीस दिवसांनीं सरकारी इस्पितळांत झाली.

आतां सूचना. धर्मादाय इस्पितळांनीं आपल्या एकूण बिलांच्या शेंकडा २ रक्कम निर्धन रुग्णांच्या निधींत टाकावी असा नियम महाराष्ट्रांत आहेच. दिल्लींत ज्या खाजगी इस्पितळांस सरकारनें स्वस्तांत जमीन दिली त्यांनीं कांहीं खाटा गरिबांस फुकट द्याव्या, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं कायम केलें. हे दोन्ही नियम चांगले, पण दोहोंत एक उणीव आहे: पैसा अथवा खाट त्याच इस्पितळाच्या आंत राहते, आणि गरिबानें त्याच खिडकीशीं जाऊन हात जोडावे लागतात. रवांडाचा हिस्सा उद्यानाच्या कचेरींत राहत नाहीं. तो कुंपणाबाहेरील गांवांत जातो. तेव्हां परदेशी रोग्यांच्या बिलांपैकीं शेंकडा १० रक्कम त्या राज्यांतील जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांकडे जावी, आणि ती इस्पितळाच्या नफ्यांतून जावी, असें आमचें म्हणणें आहे.

यावर आक्षेप येतील. इस्पितळें बिल वाढवितील आणि रोगी बँकॉकला किंवा तुर्कस्तानला जाईल, असें म्हणतील. अमेरिकेंतील दराशीं तुलना केली तर शेंकडा दहानें काय बिघडतें? पण ढाक्याच्या शिक्षकाचें किंवा त्या इराकी बापाचें बिघडतें, हें आम्हांस मान्य आहे. म्हणून हा भार सरसकट नसावा. भूतानानें प्रवाशांवर बसविलेला कर पाहा: इतर परदेशीयांस रात्रीं १०० डॉलर, हिंदी प्रवाशास १२०० रुपये. शेजारी आणि दूरचा पाहुणा यांत असा भेद करतां येतो. गरीब व युद्धग्रस्त देशांतून येणाऱ्यांचीं बिलें या हिशेबांतून वगळावीं. दुसरा आक्षेप असा कीं, इस्पितळें सरकारास कर भरतातच. भरतात, पण सरकारी खजिना हा समुद्र आहे, त्यांत पडलेली घागर कोणत्या गांवास मिळाली हें सांगतां येत नाहीं. तिसरा आक्षेप, पैसा मध्येंच मुरेल. याचें भय आम्हांसही आहे, आणि त्यावर उपाय म्हणून प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर वर्षाची रक्कम व तिचा विनियोग रंगानें लिहून ठेवण्यापलीकडे दुसरें कांहीं सुचत नाहीं. खेड्यांतील माणूस भिंत वाचतो.

हा पैसा मात्र पगारासारख्या नित्य खर्चास लावूं नये. पाहुणा कधीं येईनासा होईल याचा नेम नसतो. २०२० च्या मार्चांत साथीमुळें रवांडाचीं गोरिला-उद्यानें बंद पडलीं आणि उत्पन्न आटलें. २०२४ च्या ऑगस्टांत बांगलादेशांत राज्यक्रांति झाली, व्हिसे थांबले, आणि कलकत्त्यास इस्पितळांच्या आसपास त्या रोग्यांवर चालणाऱ्या खाणावळी व लॉज ओस पडलीं. ज्या तालुक्याची परिचारिका परक्याच्या व्हिशावर जगते त्या तालुक्याचें कठीण आहे. यंत्रें, इमारती, रक्तपेढी, रुग्णवाहिका यांसाठीं हा पैसा घ्यावा. परिचारिकेचा पगार सरकारनें आपल्याच तिजोरींतून द्यावा.

मावशीबाई आतां बऱ्या आहेत. दिवाळींत जिना चढून आमच्याकडे आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनीं त्या इराकी पोराची चौकशी केली. त्याचें पुढें काय झालें, हें आम्हांस सांगतां आलें नाहीं.